एड म्हणजे डावं, बल म्हणजे उजवं

आमची लेक अठरा वर्षांची झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता म्हणाली, "मम्मी, तुझं लायसन्स दाखव की जरा. नंबर कसा असतो बघतो." (आमच्या बेळगावकडं बायकापोरीही 'बघतो', 'येतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना दर खेपेला हसू येतं. येऊ दे.) मी गॅस बारीक करायच्या निमित्तानं पाठ फिरवली. माझ्याकडं लायसन्स नव्हतंच.

अकरा वर्षं मी स्कूटी चालवत होते. येळ्ळूरहून वडगाव, शहापूर, तिथून खडे बाजार. मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. त्यामुळं अस्तर, धागे, हुक आणायला आठवड्यातून तीनदा तरी शहरात जाणं होतं. पोलीस कुठल्या चौकात किती वाजता उभे असतात आणि कुठल्या गल्लीतून चुकवता येतं, हे मला लेकीच्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. हेल्मेट डिकीत असायचं. गोगटे सर्कल जवळ आलं की डोक्यावर, सर्कल मागं पडलं की परत डिकीत. याला मी गाडी चालवता येणं म्हणत होते.

आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांच्या खात्यातल्या एकाच्या भावाकडून अपघात झाला होता. चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं. विमा कंपनीनं जखमी माणसाला भरपाई दिली आणि नंतर तेवढी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला काढली. हे असं होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. आमची स्कूटी यांच्या नावावर. "पडशील तू आणि घर विकावं लागंल माझं," असं म्हणून हे अंघोळीला गेले. विषय तिथंच ठरला. मायलेकी दोघींनी एलएलआर काढायचं. आमच्याकडं लर्निंग लायसन्सला सगळे एलएलआरच म्हणतात. 'शिकाऊ अनुज्ञप्ती' म्हटलं तर घरातलंच कोणी वळून बघणार नाही.

लेकीचं काम घरबसल्या झालं. परिवहन खात्याच्या 'सारथी' वेबसाइटवर अर्ज, आधारचा ओटीपी, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, मग कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा. ती पास, आणि तासाभरात कागद हातात. माझं गाडं ओटीपीवरच अडलं. माझ्या आधारला मोबाईल नंबर सासऱ्यांचा जोडलेला. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तो नंबर आता कुणा तिसऱ्याच माणसाकडं. म्हणजे मला प्रत्यक्ष आरटीओ कार्यालयात जाऊन परीक्षा देणं आलं. शिवाय चाळिशी ओलांडलेली, त्यामुळं डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए वेगळा. डॉक्टरांनी एक डोळा झाकून पाटी वाचायला लावली आणि तांबडा-हिरवा ओळखता येतो का विचारलं. मला हसू आवरेना. रामा हिरवा, पोपटी, बाटली, शेवाळी, सगळे धागे मी रात्री ट्यूबलाइटखाली वेगळे काढते. तेही हसले आणि सही केली.

कार्यालयाबाहेर झाडाखाली एक जण भेटला. "काकू, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही नुसतं बसायचं, बाकीचं आम्ही बघतो." आकडा ऐकून मी पुढं गेले. तत्त्वासाठी गेले असं सांगितलं तर छान वाटेल, पण खरं म्हणजे तेवढ्या पैशात मशिनची नवी मोटर आली असती. एका प्रकारच्या गाडीला एलएलआरची मूळ फी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. त्यावर हा माणूस काय म्हणून दोन हजार मागत होता?

आता परीक्षा. संगणकासमोर बसल्यावर भाषा निवडायची होती. माझ्यासमोर कन्नड आणि इंग्रजी होती. इंग्रजीशी माझं सख्य दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं, म्हणून कन्नड निवडली. मला कन्नड बोलता येतं. माझी अर्धी गिऱ्हाइकं कन्नडच आहेत. "गळा किती खोल घेऊ" हे मी झोपेतही कन्नडात विचारीन. पण वाचणं वेगळं. शाळेत सातवीपर्यंत शिकलेली अक्षरं एकेक करून जुळवत होते आणि कोपऱ्यात सेकंद पळत होते. 'एडक्के' म्हणजे डावीकडं, 'बलक्के' म्हणजे उजवीकडं, हे तोंडी ठाऊक असूनही वाचताना उलटसुलट झालं. पंधरा प्रश्न, पास व्हायला साठ टक्के, म्हणजे नऊ बरोबर यायला हवेत. माझे सात आले.

भाषेला दोष देऊन मोकळी झाले असते. पण येताना बसमध्ये एकेक प्रश्न आठवत गेले, तसं कळलं की निम्मे तर मराठीत असते तरी चुकले असते. अरुंद चढावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर आधी कुणी जायचं? मी लिहिलं, जी आधी आली ती. गोल चौकात वाट कुणाला द्यायची? मी म्हटलं, मोठ्या गाडीला. अकरा वर्षं मी तेच तर करत आले होते. आंधळा माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडतोय तर काय करायचं, याला मी 'हॉर्न वाजवायचा' निवडलं होतं. याची लाज मला अजून वाटते. त्याची काठी हीच थांबायची खूण समजून गाडी उभी करायची असते. हॉर्न ऐकून तो बिचारा कुठल्या बाजूला सरणार?

पुन्हा फी भरून पुढची तारीख घेतली आणि अभ्यासाला बसले. शिकवायला शेजारचा सहावीतला पोरगा, कन्नड शाळेत जाणारा. फी म्हणून रोज दोन चकल्या. तो प्रश्न कन्नडात वाचायचा, मी मराठीत उत्तर द्यायचे, मग ते कुठल्या कन्नड ओळीत लिहिलंय ते बोटानं दाखवायचे. डाव्या-उजव्याचा घोळ त्यानं नाही, मीच सोडवला. उजव्या हातात बळ असतं, म्हणून 'बल' म्हणजे उजवं. उरलेला 'एड', म्हणजे डावं. 'मुंदे शाले इदे', पुढं शाळा आहे. 'दारि बिडि', वाट सोडा. 'रस्ते उब्बु' म्हणजे आपला स्पीडब्रेकर, रस्त्याला आलेलं टेंगूळच म्हणा. 'निधानवागि चलिसि' ही पाटी मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून बघत आले होते आणि 'निदान' काहीतरी म्हणतायत असं समजत होते. तिचा अर्थ नुसता 'हळू चालवा'. लायसन्सला कन्नडात म्हणतात 'चालना परवानगी'. परवानगी दोघांची एकच निघाली. आणि हायवेवर वंटमुरी घाटाकडं जाताना लागते ती 'अपघात वलय'. तो शब्द तर शिकावाच लागला नाही.

चिन्हं मात्र मी माझ्या पद्धतीनं पाठ केली. कात्रणांच्या पिशवीतून तुकडे काढले आणि शिवणाच्या खडूनं काढत बसले. लाल काठाचा गोल म्हणजे 'नको': हॉर्न नको, उजवीकडं वळणं नको. भरीव निळा गोल म्हणजे 'असंच कर': डावीकडूनच जा, इथं हॉर्न वाजव. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे 'जपून': पुढं वळण, पुढं अरुंद पूल, पुढं गुरं. निळा चौकोन नुसती माहिती देतो: दवाखाना, पेट्रोल पंप. काठावरनं साडी ओळखतो तसं झालं, आत काय आहे ते नंतर बघायचं. थांबायची पाटी तेवढी आठ कोनांची आणि वाट द्यायची पाटी उलट्या त्रिकोणाची. हे दोन आकार बाकी कुणाला दिलेले नाहीत. पाटी चिखलानं माखली, रंग उडाला, समोरून येणाऱ्याला तिची पाठ दिसली, तरी आकारावरून कळावं म्हणून. ही गोष्ट मला फार आवडली. दुसऱ्या दिवशी शहरात जाताना मुद्दाम बघत गेले. अकरा वर्षांच्या वाटेवर मी कधी न पाहिलेल्या कितीतरी पाट्या निघाल्या. त्यातली एक कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली होती. वाढदिवसवाल्याचा हसरा चेहरा आणि त्याच्या कानामागून डोकावणारं त्रिकोणाचं टोक!

चढाचा प्रश्न समजावला भावानं. तो पिकअपमधून भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटातून गोव्याला जातो. म्हणाला, "अक्का, वाट चढणाऱ्याला. उतरणारा ब्रेक दाबून कुठंबी उभा राहतो. चढणारा थांबला की परत उचलताना गाडी मागं सरकते, आणि मागं कोण असंल सांगता येत नाही." मग स्वतःच चिडला. त्याची गाडी जाताना भरलेली असते, म्हणजे घाट उतरताना, आणि येताना रिकामी. भरलेल्यानं थांबायचं आणि रिकाम्यानं पुढं जायचं, हे त्याला अजून रुचत नाही. तरी थांबतो म्हणाला. मी खोदून विचारलं, "नेहमी?" तर चहा प्यायला लागला.

हातांच्या खुणा तर मी हल्ली कुणाला करताना पाहिल्याच नव्हत्या, पण परीक्षेत येतात. उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडं वळतोय. हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वरखाली हलवला तर वेग कमी करतोय. स्कूटीवर उजवा हात सोडला की ॲक्सिलरेटरही सुटतो, त्यामुळं आमच्यासाठी इंडिकेटरच बरा. मात्र इंडिकेटर लावून वळल्यावर तो बंद करायचा असतो, हे येळ्ळूर रोडवर फारच थोड्यांना ठाऊक आहे. मीही परवापरवापर्यंत त्यातलीच.

पुस्तकात नसलेल्या काही गोष्टीही याच निमित्तानं घरात बोलल्या गेल्या. सुगीच्या दिवसांत आमच्याकडं मळणी रस्त्यावर घालतात, नाचणी, सोयाबीन, काय असेल ते. वाहनांच्या चाकाखाली आपसूक मळून निघतं, मजुरी वाचते. मी दोन वर्षांमागं त्याच सोयाबीनवर घसरून कोपर फोडून घेतलं होतं. तेव्हा मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले होते आणि हँडल वळवलं होतं. करायला हवं होतं उलटं: आधीच वेग उतरवायचा, आणि पिकावर चाक गेल्यावर हँडल सरळ धरून, ब्रेकला हात न लावता अलगद पार व्हायचं. पाऊस पडून गेलेल्या शेणावरही तेच. आणि पीक ज्याचं असतं तो दगड लावून ठेवतो, पसरलेलं कुणी विस्कटू नये म्हणून. पीक उचलून नेताना दगड तिथंच. दिवसा दिसतो. रात्री?

माझं माहेर खानापूरकडं. गाळप हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं एक नाही दोन ट्रॉल्या, बाजूंनी लोंबणारा ऊस. मागचा लाल दिवा असला तर नशीब. अंधारात आधी दिसतो तो ट्रॅक्टर, आपण ओलांडायला लागतो आणि मग कळतं की अजून एक ट्रॉली आहे. चालकाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, कारण त्याच्या टेपवर गाणी चालू असतात, आख्ख्या गावाला ऐकू जातील अशी. भावाचा सल्ला असा की रात्री उसाच्या मागं लागलात तर मागंच राहा. दहा मिनिटं उशिरा जेवण होईल. ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर लावायचे असतात. लावलेले दिसले की मी आता मोठ्यानं 'शाब्बास' म्हणते, एकटी असले तरी.

मोबाईलचं गणित लेकीनं मांडलं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. "मम्मी, कोण फोन करतंय म्हणून तू दोन सेकंद खाली बघतोस की नाही? तेवढ्यात तू आपल्या दारापास्नं मारुतीच्या देवळापर्यंत गेलेली असतोस. डोळं झाकून." देवळाच्या कट्ट्यावर तेव्हा म्हातारी माणसं बसली होती. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला तेरा आले. चुकलेल्या दोन्हींतला एक प्रश्न रक्तातल्या दारूचा होता, १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच. मला तो आकडा घरात कुणाला विचारावासा वाटला नव्हता.

एलएलआर सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा किमान तीस दिवसांनंतर देता येते. पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' पुढं-मागं लावायचा. इथवर ठीक होतं. मग नियम नीट वाचला तर एलएलआरवाल्यानं दुचाकीवर मागं कुणाला बसवायचं नाही. बसलंच तर लायसन्सवालं, शिकवणारं माणूस हवं. म्हणजे मायलेकींनी एका स्कूटीवर बसायचं नाही, दोघीही शिकाऊ. घरात लायसन्स एकाच माणसाकडं. महिनाभर आमचे हे माझ्या मागं बसून वडगावपर्यंत आले, गुडघे बाहेर काढून, दोन्ही हातांनी मागची कडी धरून. पारावरची मंडळी रोज विचारायची, "काय हो, गाडी बिघडली काय?" हे म्हणायचे, "गाडी ठीक हाय, डायव्हर बदललाय." पहिल्या दिवशी चिडले होते. चौथ्या दिवसापासून त्यांना मजा यायला लागली असावी, कारण रविवारी सुद्धा चला म्हणाले.

हेल्मेटही तेव्हाच बदललं. आधीचं नुसती टोपी होतं, कानाच्या वरच संपणारं. नवं आयएसआय मार्कचं घेतलं. पट्टा अडकवला नाही तर ते डोक्याआधी रस्त्यावर जातं, हे दुकानदारानं सांगितलं आणि बांधायलाही लावलं. गेल्या अकरा वर्षांत पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचायची शिस्त मात्र मी कधी मोडली नव्हती. तेवढं एक माझ्या खात्यावर जमा धरावं.

राहिला आठचा आकडा. पक्क्या लायसन्सला जमिनीवर काढलेल्या इंग्रजी आठवरून पाय न टेकता फिरायचं. यांनी रिकाम्या खळ्यात चुन्याच्या भुकटीनं आठ काढून दिला. पहिले पाच दिवस पाय टेकला, कारण मी पुढच्या चाकाकडं बघत होते. मग लेकीनं सांगितलं, चाकाकडं नाही, जिथं जायचंय तिकडं मान वळव. शिवण मारताना सुईकडं बघितलं तर रेघ वाकडी जाते, थोडं पुढं बघायचं असतं, हे मी पोरींना शिकवत आले आहे. लगेच जमलं असं नाही, पण सहाव्या दिवशी जमलं. ॲक्सिलरेटर अगदी थोडा धरून ठेवायचा आणि वेग मागच्या ब्रेकनं आवरायचा. परीक्षेच्या दिवशी माझ्या पुढं एक विशीतला पोरगा होता, भरधाव आला आणि पहिल्याच वळणाला पाय टेकला. मी एवढी हळू गेले की बघणारे साहेब घड्याळ बघायला लागले. पाय नाही टेकला. लायसन्स बिनगियरच्या दुचाकीचं, म्हणजे यांची मोटरसायकल मला अजून चालवता येणार नाही. तशी इच्छाही नाही.

शेजारच्या पोराला चकल्यांचा डबा दिला, तर तो विचारतो, "काकू, मला कधी चालवायला देणार?" त्याच्या वर्गातले दोन जण म्हणे चालवतात. मी त्याला सांगितलं की अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर २०१९ पासून कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला. मला नाही." कन्नड शाळेत गणित चांगलं शिकवतात.

कार्ड आलं त्या आठवड्यात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकले. गेट बंद झालं की आमच्याकडं काय होतं हे बेळगावकराला सांगायला नको. डाव्या बाजूला रांग, आणि एकेक जण उजवीकडून पुढं जाऊन गेटाला नाक लावतो. पलीकडचेही तेच करतात. गेट उघडलं की दोन्ही फौजा आमनेसामने. मीही इतकी वर्षं उजवीकडूनच पुढं जात होते, स्कूटीला जागा लागतेच किती! त्या दिवशी मी बसच्या मागं डावीकडं उभी राहिले आणि इंजिन बंद केलं. मागून आवाज आला, "ओ अक्का, म्होरं घ्या की! केवढी जागा पडल्या!" खरंच जागा होती. मी आरशात बघून हात वरखाली हलवला, पुस्तकातली खूण. त्याला ती कळली नाही. शिव्या देत तो माझ्या उजवीकडून पुढं गेला. गाडी गेली, गेट उघडलं, आणि दहा मिनिटं कुणीच हललं नाही. तेवढ्यात मी ब्लाऊजची मापं वहीत नीट उतरवून घेतली.